केकची घडणावळ

हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी तरी माझ्या हातचा केक खाल्लेला आहे. त्यामुळे आज जे लिहिणार आहे ते जरा जपूनच लिहायला हवं. पण गेले दोन महिने हा विषय डोक्यात घोळतोय, आणि तो एकदा बाहेर काढल्याशिवाय पुढचा केक काही नीट फुगायचा नाही. तेव्हा मंडळी, राग मानू नका. मानलात तरी वाढदिवसाला या.

झालं असं, की नात्यातल्या एका बाळाचा पहिला वाढदिवस होता. टेंभुर्णीला कार्यालय घेतलेलं, फुग्यांची कमान, फोटोवाला, जेवायला दीडशे माणसं. केक अर्थातच माझ्याकडे. तीन किलोचा, चॉकलेटचा, अंड्याशिवाय, आणि वर हत्ती हवा. मला कोण आनंद! आदल्या संध्याकाळपासून लागले. आमच्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच भांडं बसतं, म्हणजे तीन घाणे. मे महिना, मोडनिंबचं ऊन तुम्हाला माहीत आहेच. दिवसा क्रीम फेटायला घेतलं तर त्याचं ताक होतं. म्हणून पहाटे चारला उठून फेटलं. थर लावले, हत्ती केला. हत्तीची सोंड दोनदा पडली, तिसऱ्यांदा टिकली. मग गाडीत केक मांडीवर घेऊन टेंभुर्णीपर्यंत प्रत्येक गतिरोधकाला "हळू, हळू" असं ओरडत गेले.

केक कापला, कौतुक झालं, संपलासुद्धा. निघताना यजमानीणबाईंनी माझ्या हातात पाकीट दिलं. "सामानाला नऊशे लागले म्हणालीस ना? हजार आहेत. वरचे शंभर राहू देत तुला."

मी हसले. पाकीट पर्समध्ये टाकलं. आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाही, ही आमच्या घरात ऐतिहासिक घटना आहे.

आता तुम्ही म्हणाल, शंभर रुपयांवरून एवढं? पैसे कमी दिले म्हणून राग आला का? खरं सांगते, एक रुपयाही दिला नसता तरी मला काही वाटलं नसतं. केक भेट म्हणूनच घेऊन गेले होते, सामान किती लागलं हे त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. टोचलं ते 'वरचे शंभर'. म्हणजे माझी पहाट, माझा हत्ती आणि दोनदा पडलेली सोंड, सगळं मिळून शंभर. ते काही दिलं नसतं तर ती माया होती. शंभर दिल्यावर तो भाव झाला.

तेव्हापासून एक शब्द मनात घोळतोय... घडणावळ.

सोनाराकडे आपण आपलं सोनं देतो आणि बांगड्या करून घेतो. सोनं आपलं असतं तरी घडणावळ वेगळी मोजतो. गिरणीत आपलेच गहू असतात तरी दळणावळ देतो. कापड आपलं असलं तरी शिवणावळ द्यावी लागते. माल वेगळा आणि हात वेगळा, हे आपल्या भाषेला फार पूर्वीपासून पक्कं माहीत आहे, म्हणून तर त्यासाठी एवढे वेगवेगळे शब्द आहेत. गिरणीवाल्याला कुणी म्हणत नाही, की "गहू मी दिले ना, मग पैसे कसले?"

भट्टीचंही तसंच होतं. माझं माहेर बार्शीचं. मे महिन्याच्या सुट्टीत नाहीतर दिवाळीच्या तोंडावर आई मैदा, रवा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा पिशवीत भरायची आणि आम्ही बेकरीत जायचो. तिथे आपल्या सामानाची नानकटाई आपल्यासमोर भाजून मिळायची. मळणाऱ्याचे हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले, पत्र्याचे मोठे ट्रे आत-बाहेर चाललेले आणि तो वास! आपला डबा भरून झाला की किलोच्या हिशेबाने मजुरी द्यायची. भाजीवाल्याशी चार आण्यांसाठी वाद घालणारी माझी आई तिथे मात्र मुकाट्याने पैसे काढायची. "भट्टीपुढं उभं राहून बघ म्हणजे कळेल," म्हणायची.

हे सगळं माहीत असलेल्या आपण बायका घरातल्या कामाची वेळ आली की फक्त सामान मोजतो. पुरणपोळीची घडणावळ नाही, कुरडयांची नाही, दिवाळीच्या चकल्यांची नाही. केक तर काय, 'हौस' म्हणून करते ती.

हौस आहेच, नाही कशाला म्हणू? १९९४ साली लग्न होऊन मोडनिंबला आले तेव्हा कुर्डुवाडी-पंढरपूर गाडी अजून छोट्या रुळांवरच होती. त्या गाडीतून पहिल्या दिवाळीला माहेरून येताना मी मांडीवर ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आणला होता. तो ज्यांच्या घरी होता त्यांना आठवेल, वरच्या झाकणाला काचेची एवढीशी खिडकी. त्याआधी आई कुकरमध्ये वाळू घालून, शिट्टी आणि रिंग काढून केक करायची. माझा ओव्हन म्हणजे केवढी प्रगती! फक्त वीज हवी ना. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला भारनियमनाने इतके केक बसवलेत, की मी त्यावर एक पदार्थच काढला होता. मध्ये खड्डा पडलेला केक कुस्करायचा, ग्लासात घालायचा, वर कस्टर्ड आणि डाळिंबाचे दाणे. पाहुण्यांना सांगायचं, 'पुडिंग'. पाहुणे रेसिपी लिहून घ्यायचे!

पण माझ्या केकची खरी परीक्षा वेगळीच होती. आमच्या आत्या (म्हणजे सासूबाई, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात) माळकरी. पंढरपूर इतकं जवळ, घरात तीन पिढ्यांची वारी. अंडं घरात येणं शक्यच नाही. पहिल्या केकला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. मी सांगितलं, यात अंडं नाही, तर म्हणाल्या, "मग फुगलं कशानं?" प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध होता. मी त्यांना समोर बसवून दाखवलं. वाटीभर दह्यात साखर विरघळवली, अर्धा चमचा सोडा घातला, आणि पाच मिनिटांत दही कसं बुडबुडे येऊन वर चढतं ते बघायला लावलं. दह्याची आंबट चव आणि सोडा एकत्र आले की वायू तयार होतो, तो पिठात अडकतो, भट्टीत पीठ घट्ट होतं आणि ती जाळी तशीच राहते. "म्हंजी ढोकळ्यावानीच की," एवढंच बोलून त्यांनी तुकडा तोंडात टाकला. त्या दिवशी मला जे वाटलं त्याची किंमत कोणत्याही पाकिटात बसणार नाही.

घरच्या केकचं खरं मोल मला तरी यातच दिसतं. कोण खाणार हे माहीत असतं. आत्यांना अंडं नको, मामांना (सासऱ्यांना) साखर कमी, धाकट्या पुतण्याला शेंगदाणा चालत नाही. एकदा तर आमच्या ह्यांचा वाढदिवस आषाढी एकादशीला आला, तेव्हा राजगिऱ्याचं पीठ, दाण्याचं कूट आणि गूळ घालून काहीतरी केलं. ज्वारीच्या पिठाचे प्रयोगही झाले. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे नुसत्या ज्वारीचा केक सुरी लावताच भुसभुशीत ढासळतो, पण निम्मं निम्मं पीठ घेतलं तर नानकटाई सुरेख होते. दुकानातला केक दिसायला माझ्यापेक्षा दहापट सुंदर असतो, पण त्याला समोरच्याची शुगर ठाऊक नसते.

आणि म्हणूनच "अगं, ऑर्डर घ्यायला लाग!" हा सल्ला मला आवडत नाही. २०२० च्या टाळेबंदीत गावोगावच्या बायकांनी घरात केक शिकले, त्यातल्या काहींनी पुढे त्यावर घर चालवलं. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. विकायचं म्हणजे अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी, बिलं, वेळेची बांधिलकी, ते सगळं त्या करतात. त्यांचा केक महाग वाटला तर घेऊ नका, पण "घरीच तर करता, एवढे कसले?" हे विचारू नका. 'घरीच' या शब्दातच सगळा घोळ आहे. घरी केलं म्हणजे कष्ट कमी होतात असं कुणी ठरवलं? पण एखादी गोष्ट चांगली जमते म्हणून तिचं दुकान काढलंच पाहिजे, असंही नाही. गाणं येणारा प्रत्येक जण तिकीट लावतो का?

असो. तर टेंभुर्णीहून आल्यावर मी रागारागात वही काढली आणि हिशेब लिहिला. तीन घाणे, भिजवणं धरून तीन तास. क्रीम, थर, हत्ती तीन तास. आवराआवर एक. पोचवणं अर्धा. एकूण साडेसात तास. लेक पुण्याला असते, तिला फोनवर तावातावाने वाचून दाखवला. वर आकडेवारीचा दाखलाही दिला, की सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामाला बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं निघालंय! (हे ती मला एकदा म्हणाली होती, तेच तिला ऐकवलं.)

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, त्या दोन दिवसांत स्वयंपाक कुणी केला?"

मी गप्प.

आत्यांनी केला होता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, ओटा माझ्या भांड्यांनी भरलेला म्हणून त्यांनी मागच्या पडवीत गॅसची छोटी शेगडी मांडून भाकरी थापल्या होत्या. दोन्ही वेळच्या. आणि हे काही त्याच दिवशीचं नाही. माझ्या प्रत्येक केकच्या दिवशी घर त्याच सांभाळतात. चिकट भांडीही बऱ्याचदा मी आवरायच्या आत त्यांनी घासलेली असतात. हिशेबाच्या वहीत साडेसात तास सगळे माझे होते. आत्यांच्या नावाने एक ओळसुद्धा नव्हती. मी तर त्यांना वरचे शंभरही दिले नव्हते.

संध्याकाळी त्यांना म्हटलं, "आत्या, तुमची घडणावळ राहिली माझ्याकडं." त्यांना आधी कळेना. समजावून सांगितल्यावर पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "पैसं नगं बाई. पर म्या केलं, त्ये दिसलं न्हवं तुला? मग झालं."

'दिसलं ना.' माझी सगळी तक्रार त्यांनी दोन शब्दांत संपवली.

तेव्हा माझं मत आता असं झालंय, आणि ते मी जाहीरपणे इथे मांडते. घरच्या केकचे दोनच रस्ते ठेवावेत. एक, भेट. भेट असेल तर पूर्ण भेट, सामानाचेही पैसे नकोत. तुम्ही मला वाटलं तर पुढच्या महिन्यात शेवग्याच्या शेंगा द्या, थंडीत बोरांची पाटी पाठवा, माझ्या कुरडया घालायला या. हातची परतफेड हातानेच होऊ शकते, आणि ती मला पैशांहून गोड वाटते. दुसरा, काम. दीडशे माणसांचा समारंभ, तीन किलो आणि हत्ती असेल तर ते काम आहे, मग सामान अधिक वीज अधिक घडणावळ. फोटोवाल्याला विचारतो तसं आधी विचारा, मीही आधी सांगेन. मला जमणार नसेल तर नाही म्हणेन, आणि त्या नाहीमध्ये प्रेम कमी आहे असं समजू नका. मधला रस्ता, 'सामानाचे पैसे देते', तेवढा बंद. त्यात भेटही राहत नाही आणि कामही होत नाही.

कुणी म्हणेल, नात्यात असा हिशेब काढायचा नसतो. खरं आहे. पण हिशेब काढायचा नसेल तर मग सामानाचाही काढू नका ना! मैद्याचा पुडा मोजायचा आणि पहाट मोजायची नाही, याला माया म्हणत नाहीत.

बाळाच्या आईला हे सगळं मी फोनवर आधीच सांगितलंय, बरं का. ती जरा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "काकू, मला खरंच सुचलं नाही. आमच्या सासूबाईंनी दिलं तसं दिलं." म्हणजे तिथेही एक आत्या आहेतच. पुढच्या वर्षी जिराफ हवाय म्हणे. मी घडणावळ सांगितली आहे. जिराफाची मान लांब असते, हेही सांगितलंय.

येत्या रविवारी मात्र घरचाच केक आहे. आत्यांना अठ्ठ्याहत्तर पुरी होताहेत. दही आजच विरजलंय. स्वयंपाक यावेळी आमचे हे करणार आहेत. बघू भाकरी कितपत गोल होते ते!