झिडकारलेला कौल

देवाला लावलेला कौल मनासारखा आला नाही म्हणून तो झिडकारता येत नाही, हे गोमंतकीयाला सांगावे लागत नाही. मतपेटीतून आलेला कौल मात्र सत्तेच्या राजकारणात सर्रास झिडकारला जातो, आणि मग मतदारच विचारू लागतो की, मत देऊन उपयोग काय? मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या मराठीभाषक तालुक्यांनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले आहे.

आपल्या भवितव्याचा कौल गोमंतकीयांनी १६ जानेवारी १९६७ रोजी स्वतः दिला. हे भाग्य त्या तालुक्यांच्या वाट्याला आले नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्ह्याबरोबर पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. तेथील जनतेला कोणी विचारले नाही. तेव्हापासून तिच्या हाती उरले ते केवळ मत.

२०१८ साली या दोन्ही मतदारसंघांनी भारतीय जनता पक्षाच्या सरकारविरुद्ध मत दिले व सत्तांतर झाले. परंतु मार्च २०२० मध्ये काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले, आणि लोकांनी पायउतार केलेला पक्ष निवडणुकीवाचून पुन्हा सत्तारूढ झाला. पुढे ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतर चारच दिवसांनी आचारसंहिता लागली! मतदारांनी जिल्हा घेतला. मत मात्र विकले नाही. दोन्ही जागा पुन्हा विरोधकांकडेच गेल्या.

राज्यात २३० पैकी १६३ जागा सरकार पक्षाला मिळाल्या, हे खरे. म्हणून ही मते वाया गेली काय? मुळीच नाही. जे मत गृहीत धरता येत नाही, त्याच्याच दारी सरकारला यावे लागते. उलट २०२४ मध्ये राज्यातील लोकसभेच्या सर्वच्या सर्व २९ जागा एका पक्षाकडे गेल्या. आता लोकसभेत त्या राज्यातून सरकारला जाब विचारणारा एकही निवडून आलेला आवाज नाही. धर्मांतरापूर्वी ६० दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यास कळवावे, असा कायदा ज्या पुराणमतवादी सरकारने २०२१ मध्ये केला, आणि ज्या अटीखालील कारवाई उच्च न्यायालयाला २०२२ मध्ये रोखावी लागली, त्या सरकारपुढे विरोधक नसणे हे कोणत्याच धर्माच्या नागरिकाच्या हिताचे नाही.

आम्हां गोमंतकीयांना तरी दुसऱ्यांकडे बोट दाखविण्याचा अधिकार कोठे आहे? २०२२ च्या निवडणुकीपूर्वी पक्षांतर न करण्याच्या शपथा देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात वाहिल्या गेल्या. निवडून आलेल्या ११ पैकी ८ आमदार त्याच सप्टेंबरात सत्ताधारी पक्षात गेले. या विश्वासघाताने उबगलेला मतदार घरी बसला, तर त्याचा लाभ विश्वासघात करणाऱ्यांना आणि करविणाऱ्यांनाच होईल. न दिलेल्या मताची सत्तेला कधीच भीती वाटत नाही.

कौल मोडला, तर तो पुन्हा लावावा. पांढुर्णा-सौंसरने तेच केले. निवडणूक येईल तेव्हा गोमंतकीय मतदारानेही मतदान केंद्रावर जावे, फोडाफोडीवर पोसलेल्या सरकारविरुद्ध निःशंकपणे मत द्यावे आणि शपथ मोडणाऱ्यांची नावे विसरू नयेत. घरी बसणे हा निषेध नव्हे. ती मूक संमती आहे.