घरचा सामना आणि यजमानांचा धर्म

सामन्याची तारीख जाहीर होते आणि त्या दिवसापासून फुटबॉलवेड्या मंडळींचे पंचांगच बदलते. सोमवार, मंगळवार हे वार जणू नाहीसे होतात. उरते ती केवळ ‘सामन्याला पाच दिवस’, ‘सामन्याला चार दिवस’ ही गणना. गोलरक्षकाचा दुखावलेला खांदा बरा झाला काय, डाव्या बगलेवर कोणास खेळवावे, प्रतिपक्षाच्या त्या उंच आघाडीच्या खेळाडूस कोणी रोखून धरावे, याचा खल चहाच्या टपरीवर, कारखान्याच्या फाटकाशी पाळी सुटताना आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत सारख्याच गांभीर्याने चालतो. प्रशिक्षकाने या मंडळींचा सल्ला कधीच मागितलेला नसतो. तरीही संघ निवडल्यावाचून त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. त्यातून सामना घरच्या मैदानावर असेल, तर मग विचारावयासच नको.

आमच्या सामरवरणीत या चर्चेला आणखी एक रंग आहे. सिल्वासाच्या आसपास कारखानदारी वाढली, तशी देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली. दादरा-नगर हवेलीची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत 2,20,490 होती. 2011 साली ती 3,43,709 भरली. आलेल्या प्रत्येकाने आपल्या गाठोड्यात आपली भाषा आणली, आपले सणवार आणले, आणि कित्येकांनी आपला फुटबॉल संघही आणला. केरळहून आलेल्याचा जीव कोचीच्या मैदानात गुंतलेला. बंगालहून आलेला एक तर मोहन बागानचा, नाही तर ईस्ट बंगालचा. तिसरी जात त्यास ठाऊकच नाही. गोवेकराचे कान फातोर्ड्याकडे, तर कोल्हापूरकराचे डोळे शाहू स्टेडियमकडे. देशाच्या वरिष्ठ साखळीत खेळणारा संघ आमच्या गावाला नाही. तेव्हा येथील क्रीडारसिकाचा ‘घरचा सामना’ त्याच्या राहत्या घरापासून फार लांब होतो. पण मनाने तो त्या दिवशी खचित घरी असतो.

वडीलधाऱ्या मंडळींस या साऱ्याचा राग येतो. नव्वद मिनिटांच्या खेळासाठी आठ दिवसांचे चर्वण कशास, असे ते विचारतात. त्यांचा प्रश्न अगदीच गैरवाजवी आहे असे आम्ही म्हणणार नाही. अभ्यासाच्या वेळी फुटबॉलची चर्चा करणाऱ्याची बाजू आम्हीही घेणार नाही. तथापि या वाट पाहण्यात काही शिक्षण आहे, हेही मान्य केले पाहिजे. इंडियन सुपर लीगच्या 2024-25 च्या हंगामात 13 संघ होते. प्रत्येकाच्या वाट्यास 24 सामने आले. त्यांपैकी 12 घरी आणि 12 परक्या मैदानावर. विजयास तीन गुण, बरोबरीस एक. कोणत्या सामन्यात एका गुणावर समाधान मानावे आणि कोणत्या सामन्यात तिन्ही गुणांसाठी जिवाचे रान करावे, याचा हिशेब करणारा मुलगा नकळत गणित करीत असतो, मनुष्यस्वभाव वाचीत असतो आणि धीर धरावयास शिकत असतो. त्या हंगामात घरचे सामने बाराच होते. म्हणून त्यांचे मोल सणासारखे. आणि तेही हक्काचे नव्हेत. जुलै 2025 मध्ये आयोजकांनी पुढील हंगाम स्थगित ठेवल्याचे जाहीर केले आणि साखळी नेहमीच्या वेळी सुरू झालीच नाही. तेव्हा ‘डाव्या बगलेवर कोण?’ हा प्रश्न मागे पडून ‘सामना होणार की नाही?’ हाच प्रश्न रसिकांच्या तोंडी आला. जे सहज मिळते त्याची किंमत ते अडल्यावरच कळते.

आता आमच्या मुद्द्याकडे वळतो. घरच्या मैदानावर खेळणाऱ्या संघास आपल्या भाषेत एक फार सुंदर शब्द आहे : यजमान संघ. आणि बाहेरून येणारा तो पाहुणा संघ. हे शब्द आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतो, समालोचनात ऐकतो, आणि त्यांचा अर्थ मात्र कानाआड करतो. ज्याच्या घरी कार्य, तो यजमान. पंगतीत पाहुण्याच्या पानात प्रथम वाढले जावे आणि त्याच्या मानास कोठे धक्का लागू नये, ही काळजी ज्याची, तो यजमान. मग प्रश्न असा की, मैदानावरील अकरा खेळाडूच तेवढे यजमान, की कठड्याबाहेर बसलेले हजारो प्रेक्षकही? आमचे उत्तर स्पष्ट आहे. खेळाडू आज या संघात, उद्या त्या संघात. प्रशिक्षक येतात आणि जातात. कायम राहतो तो प्रेक्षक. तेव्हा खरा यजमान तोच होय.

हे केवळ शब्दांचे खेळ नव्हेत. प्रेक्षक नसले म्हणजे घरचा सामना घरचा राहत नाही, याचा प्रत्यय साऱ्या जगास नुकताच येऊन गेला आहे. करोनाच्या साथीमुळे 2020-21 चा इंडियन सुपर लीगचा संपूर्ण हंगाम गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथील तीन मैदानांवर, प्रेक्षकांवाचून खेळला गेला. कागदोपत्री प्रत्येक संघाला ‘घरचे’ सामने होते. पण कोलकात्याचा संघही गोव्यात आणि मुंबईचाही गोव्यात! 13 मार्च 2021 रोजी फातोर्ड्यावर मुंबई सिटीने एटीके मोहन बागानचा 2-1 असा पराभव करून विजेतेपद मिळविले. विजयाचा गोल अगदी शेवटच्या मिनिटाला झाला. त्या गोलाचे स्वागत करावयास भोवताली रिकाम्या खुर्च्या होत्या.

त्याच काळात युरोपातील रिकाम्या मैदानांवरच्या सामन्यांचा अभ्यास अनेक संशोधकांनी केला. यजमान संघांस एरवी मिळणारा लाभ त्या दिवसांत घटला, आणि पाहुण्या खेळाडूंना पंचांकडून दाखविली जाणारी पिवळी कार्डेही कमी झाली, असे त्यांस आढळले. याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. प्रेक्षकांचा गलबला केवळ खेळाडूच्या पायांपर्यंत जात नाही. तो पंचाच्या मनापर्यंतही पोहोचतो. निःपक्षपाती राहण्याची शपथ वाहिलेला मनुष्यही हजारो कंठांच्या दडपणाने किंचित झुकतो. प्रेक्षकाच्या हाती एवढी शक्ती आहे. आणि जेथे शक्ती आहे, तेथे जबाबदारी टाळता येत नाही.

यावर आमचे काही तरुण मित्र म्हणतील, “फुटबॉलचा सामना म्हणजे लग्नाची पंगत नव्हे. प्रतिपक्षास धडकी भरविणे हाच तर घरच्या मैदानाचा फायदा. आम्ही काय तोंडास कुलूप लावून बसावे?” मुळीच नाही! ज्या मैदानावर आवाज नाही, तेथे बसण्यापेक्षा घरी झोपलेले बरे. ढोल वाजवावा, घसा बसेतो ओरडावे, झेंडे फडकवावेत. आपला संघ एका गोलाने मागे पडला तर दुप्पट ओरडावे. आमचा आक्षेप आवाजास नाही. शिवीस आहे, दगडास आहे, आणि पंचाच्या अंगावर धावून जाणाऱ्या पायांस आहे. आपल्या संघास बळ देणे निराळे आणि पाहुण्याचा अपमान करणे निराळे. हा भेद ज्यास कळत नाही, त्यास खेळ कळला असे आम्ही म्हणणार नाही.

कोल्हापूरचे उदाहरण आपणा मराठी भाषकांस सर्वांत जवळचे. तेथे फुटबॉल हा पेठांचा आणि तालमींचा खेळ आहे. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही नावेच पाहा. लाल मातीतल्या कुस्तीच्या आखाड्यांनी हिरवळीवरील चेंडू कसा आपलासा केला, ते या नावांत लिहिलेले आहे. 1940 मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या छत्राखाली तेथे साखळी सामने होतात. गंमत अशी की, हे सारे संघ शाहू स्टेडियमवरच खेळतात. म्हणजे प्रत्येक सामना दोघांच्याही घरचा! सामन्याच्या आदल्या दिवसापासून पेठ जागी असते. आजोबा, वडील आणि नातू एकाच संघासाठी भांडतात. याच मातीतला अनिकेत जाधव 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत देशाकडून खेळला. इतके वैभव ज्या नगरीत आहे, तेथेच प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागण्याचे प्रसंगही घडले आहेत. दोन्ही संघ एकाच गावचे, खेळाडू एकमेकांचे शाळासोबती. आणि तरीही कठड्याबाहेर दगड उचलला जातो! मैदानात कोणी हरो वा जिंको, त्या दिवशी गाव हरलेले असते.

याहून भीषण धडा कोलकात्याने आपणांस दिला आहे. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यातील साखळी सामना चालू असताना प्रेक्षकांत दंगल उसळली आणि चेंगराचेंगरीत 16 जण प्राणांस मुकले. तेही सकाळी घरून निघताना आजच्या कोणत्याही रसिकासारखेच संघाची निवड करीत, गोलांचे अंदाज बांधीत निघाले असतील. सामना पाहावयास गेलेला मुलगा संध्याकाळी घरी परतू नये, याहून मोठा पराभव कोणता? त्या शहराने मात्र हा दिवस विसरू दिलेला नाही. दर वर्षी 16 ऑगस्टला तेथे फुटबॉलप्रेमी दिवस पाळतात आणि त्यानिमित्त रक्तदान करतात. ज्या वैरापायी रक्त सांडले, त्याच्याच स्मरणार्थ रक्त द्यावयाचे, ही कल्पना आम्हांस फार थोर वाटते.

उत्कंठेची आणखी एक गंमत सांगून ठेवतो. 22 ऑक्टोबर 2025 रोजी आशियाई स्पर्धेच्या साखळी फेरीत सौदी अरेबियाचा अल नस्र संघ फातोर्ड्यावर एफसी गोवाशी खेळावयास आला. त्या संघात क्रिस्तियानो रोनाल्डो! कित्येक दिवस चर्चेस दुसरा विषय नव्हता : तो येणार काय? अखेर तो आलाच नाही. गोव्याचा संघ 1-2 असा हरला. परंतु गोव्याकडून झालेला एकमेव गोल केला तो ब्रायसन फर्नांडिस या गोव्याच्याच मुलाने. सारे जण दूरच्या पाहुण्याची वाट पाहत होते आणि डोळ्यांचे पारणे फेडले ते घरच्या पोराने! वाट पाहताना आपली दृष्टी नेहमी दूरवर लागलेली असते. जवळचे माणूस त्यामुळे दिसत नाही, एवढाच काय तो तिचा दोष.

हाच दोष आम्हांस आमच्या गावातही दिसतो. दूरच्या संघाच्या राखीव खेळाडूंची नावे मुखोद्गत असणारे आमचे मित्र, शेजारच्या शाळेचा संघ आपल्या शाळेत खेळावयास येतो तेव्हा कोठे असतात? पावसाळा सरला, मैदानावरील चिखल वाळला, की आपल्या भागातील मुले चेंडू घेऊन उतरतात. वारली, कोकणा, धोडिया घरांतली मुले असतात, तशीच परप्रांतांतून आलेल्या कामगारांचीही असतात. कित्येकांच्या पायांत बूटही नसतात. त्यांच्यासाठी ढोल कोणी वाजवीत नाही. वस्तुतः आपला खरा घरचा सामना हाच. दूरच्या मैदानावर आपण प्रेक्षकांतले एक. येथे मात्र आपणच यजमान.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, या वर्षी एवढे करून पाहू. आपल्या मैदानावर सामना ठरला की त्याचीही अशीच आठ दिवस चर्चा करू. पाहुणा संघ आला की त्यास प्रथम पाणी विचारू. त्याने सुरेख गोल केला तर, मन कितीही खट्टू झाले तरी, टाळी वाजवू. त्या टाळीने आपला गोल कमी होत नाही. पंचाची चूक झाली असे वाटले तर ती आपल्या कप्तानाने सभ्यपणे विचारावी. कठड्याबाहेरून आपण निवाडा देऊ नये. आणि आपल्या बहिणींसाठी पुढील जागा राखू. 2025 च्या जुलैमध्ये भारताच्या महिला संघाने थायलंडचा 2-1 असा पराभव करून 2026 च्या आशियाई चषक स्पर्धेत प्रवेश मिळविला. ज्या मैदानाभोवती मुलींच्या कानांवर शिव्या पडतात, तेथून उद्याच्या खेळाडू निर्माण व्हाव्यात तरी कशा?

आमचे गाव हे पुष्कळ अंशी पाहुण्यांनी वसलेले गाव आहे. येथील कित्येकांचे वडील एके दिवशी हातात एक पेटी घेऊन अनोळखी म्हणून उतरले; कोणी तरी त्यांस जागा दाखविली, कोणी पहिला चहा पाजला. ज्यांस कधी तरी कोणी यजमान भेटला, त्यांस यजमानपण शिकविण्याची गरज पडू नये. सामन्यास आता थोडेच दिवस उरले आहेत. संघ कोणता निवडावा, याचा वाद खुशाल चालू द्यावा. पाहुण्यांचे स्वागत कसे करावे, याविषयी मात्र आपणांत दुमत नसावे.