असायचेच?

“त्या धंद्यात हे असायचेच!” हे वाक्य मी पेणला गणपतीच्या कारखान्याच्या ओट्यावर ऐकले आहे, रोह्याला लग्नाच्या पंगतीत ऐकले आहे, आणि अलिबागच्या एस.टी.त तर कितीदा! सिनेमातल्या एखाद्या नटीने तोंड उघडले की आमची भली माणसे एक सुस्कारा टाकतात, हे वाक्य उच्चारतात आणि पुन्हा चकलीकडे वळतात. माझे भांडण त्या वाक्याशी आहे. हात टाकणारा पुरुष एकटा असतो; त्याला पाठबळ देते ते हे वाक्य.

१९३७ साली प्रभातचा ‘कुंकू’ आला. फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. ती नीरा म्हणजे शांता आपटे. पुढे दोनच वर्षांनी, १९३९ साली, त्याच शांताबाई पुण्याला प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. तंटा कराराचा नि पैशाचा होता, अब्रूचा नव्हे. हे मुद्दाम सांगते, कारण कुणाच्या माथी नको ते मारू नये. १९४० साली त्यांनी ‘जाऊ मी सिनेमांत?’ असे पुस्तकच लिहिले आणि पडद्यामागे माणसे कशी राबवून घेतली जातात ते मांडले. पडद्यावर नकार देणारी मुलगी आम्हांला पसंत. फाटकाशी बसणारी मात्र भांडखोर!

पण पगार आणि अब्रू या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे मला मुळीच मान्य नाही. जिचे उद्याचे काम एका माणसाच्या मर्जीवर आहे, जिच्या हाती कराराचा कागद नाही, तिने त्याचा हात झटकायचा कसा? आणि भोवती सारे युनिट असते. रंगभूषा करणारा, केस विंचरणारी, हिशेब ठेवणारा, गाडी हाकणारा. रात्री कुणाच्या खोलीचे दार वाजते ते यांतल्या बहुतेकांना ठाऊक असते. बोलत कुणी नाही, कारण त्यांचेही उद्याचे काम त्याच मर्जीवर! या गरीब बिचाऱ्यांना मी थोडे माफ करीन. बड्या नटांना आणि मानकऱ्यांना नाही. त्यांना कुणाची भीती होती?

केरळात फेब्रुवारी २०१७ मध्ये एका अभिनेत्रीवर चालत्या मोटारीत अत्याचार झाला. तिथल्या सिनेमातल्या बायका एकत्र आल्या आणि सरकारला न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमावी लागली. अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सरकारच्या हाती पडला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उजेडात आला. मधली साडेचार वर्षांहून अधिक तो कपाटात! त्यात काय आहे? कामासाठी मागितलेली ‘तडजोड’, रात्री वाजणारी दारे, आणि चित्रीकरणाच्या जागी बायकांना साधे संडास नाहीत, कपडे बदलायला आडोसा नाही. सरकारनेही गप्प बसायचे, तर मग रंगभूषाकाराला काय बोल लावायचा? आणि आमच्या महाराष्ट्रात, जिथे १९१३ साली फाळक्यांनी या धंद्याचा पाया घातला, तिथे अशी चौकशी मागायला आम्हांला लाज का वाटावी?

कायदा नाही म्हणाल, तर तो आहे. १९९७ साली विशाखा खटल्याचा निकाल लागला, २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे मालकाने समिती नेमायची, तिची अध्यक्ष बाईच हवी. सिनेमाचे युनिट हीही कामाचीच जागा, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट सांगितले.

आता सिनेमा राहू द्या. पेणच्या मूर्तींना रंग देणाऱ्या बायका, पापड लाटणाऱ्या बायका, रोह्याच्या दुकानांतल्या मुली! जिथे दहा माणसेही नाहीत, तिथल्या बाईसाठी कायद्याने जिल्ह्याची स्थानिक समिती ठेवली आहे. तक्रार घ्यायला तालुक्यागणिक एक अधिकारी नेमायचा आहे. तक्रारीला मुदत तीन महिन्यांची, फार तर आणखी तीन. वाचकहो, आपल्या तालुक्यातल्या त्या अधिकाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय? आपल्या मोलकरणीला ठाऊक आहे काय? तीही या कायद्यात येते बरे!

ते नाव आणि पत्ता पेणच्या नि रोह्याच्या एस.टी. स्थानकांवर, गाड्यांच्या वेळापत्रकाशेजारी, ठळक अक्षरांत लागले पाहिजे. आणि कोकणात चित्रीकरणाला येणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपल्या समितीतल्या बायकांची नावे जेवणाच्या मांडवात टांगली पाहिजेत, म्हणजे पानावर बसताना ती सगळ्यांना वाचावी लागतील.