राखीव टपालघर

परीक्षेची सूचना, शिष्यवृत्तीची मुदत, पालकांची तक्रार हें सारें आतां ईमेलनें येतें. शाळा, दवाखाना, सहकारी सोसायटी यांपैकीं ज्या संस्था हें टपाल स्वतःच्या सर्व्हरवर, म्हणजे पत्रें स्वीकारणाऱ्या स्वतःच्या यंत्रावर घेतात, त्यांनीं दुसरा राखीव सर्व्हर अवश्य ठेवावा. आणि तो पहिल्यापासून दूर व पहिल्याइतक्याच दक्षतेनें ठेवावा, असें आमचें मत आहे.

यांतील योजना जामच्या रहिवाशांस समजण्यास कठीण नाहीं. नागपूरहून आलेल्या वाटसरूस आमच्या चौरस्त्यावर एक वाट हिंगणघाटावरून हैदराबादकडे व दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे नेते. कोणती धरावी हें पाटी सांगते. ईमेललाही अशीच पाटी असते. तिला एम्‌एक्स नोंद म्हणतात. १९८६ सालीं ठरलेल्या या पद्धतींत संस्थेच्या नांवापुढें सर्व्हरांचीं नांवें व अंक लिहिलेले असतात, आणि लहान अंकास पहिला मान असतो. १० अंकाचा सर्व्हर उत्तर देत नसेल तर पत्र २० अंकाच्या सर्व्हरकडे जातें. तो तें जपून ठेवतो व मुख्य सर्व्हर पुन्हां चालूं होतांच त्याच्या स्वाधीन करतो.

कोणी म्हणेल, पाठविणारें यंत्र स्वतःच पुनःपुन्हां प्रयत्न करतें, मग हा खर्च कशास? शंका रास्त आहे. नियमाप्रमाणें त्यानें निदान चार-पांच दिवस चिकाटी धरावयाची असते. परंतु सर्वच यंत्रें ती धरीत नाहींत. आणि दिवाळीच्या सुट्टींत बिघडलेला सर्व्हर पांच दिवसांत कोण दुरुस्त करणार? परक्याच्या चिकाटीवर आपल्या मुलांची शिष्यवृत्ती टांगून ठेवणें शहाणपणाचें नव्हे.

तथापि एकाच खोलींत, एकाच वीजजोडणीवर ठेवलेले दोन सर्व्हर हे खरोखर दोन नव्हेतच. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा प्रलयांत तळमजल्यावरील जोडी एकदमच बुडावयाची. मुख्य सर्व्हर जामला असेल तर राखीव नागपूरला किंवा त्याहून दूर असावा.

दुसरी गोष्ट दक्षतेची. पुढील दारीं पहारा आणि मागील दार सताड उघडें, असें घर चोरास आवडतें. ठकांचीं पत्रें मुद्दाम राखीव सर्व्हरकडेच लोटलीं जातात. त्याजवळ संस्थेंतील पत्त्यांची यादी नसेल तर तो वाटेल तें पत्र घेतो. मुख्य सर्व्हरनें नाकारलें म्हणजे तें परत धाडतो, आणि ज्याचें नांव ठकानें चोरलें त्या निरपराध मनुष्याच्या दारीं तें जाऊन पडतें. म्हणून यादी व चाळणी दोन्हीकडे एकच हवी. जुन्या पत्रांची प्रत मात्र निराळी ठेवावी. तें काम राखीव सर्व्हरचें नव्हे.

दहा कुमारींच्या दृष्टांतांतील मूर्ख कुमारींजवळही दिवे होतेच. नव्हतें तें जास्तीचें तेल, आणि मध्यरात्रीं तें उसनें मिळालें नाहीं. यास्तव दर तिमाहीस एकदां मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करून पत्र पोहोंचतें कीं नाहीं हें पाहावें. मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं आपापल्या संस्थेंत एवढेंच विचारावें कीं, अशी परीक्षा मागें कधीं झाली होती? उत्तर मिळालें नाहीं, तर ती याच आठवड्यांत घ्यावी.