नवोदयची चाळणी आणि सातपूरची मुलं



नवोदयचा निकाल लागला की सातपूर कॉलनी, अशोकनगर, श्रमिकनगरच्या चौकांत खासगी क्लासचे फलक झळकतात. त्यावरच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांचं कौतुक आहेच. पण फलकावर क्लासचं नाव मुलांच्या नावांपेक्षा मोठं असतं, आणि ते उगाच नाही.

आपल्या जिल्ह्याच्या खेडगाव (ता. दिंडोरी) येथील जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला 80 जागा. परीक्षा पाचवीत, तीही एकदाच; हुकली की हुकली. 100 पैकी 50 गुण मानसिक क्षमता चाचणीला. घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, नक्षीत लहान आकृती कुठे दडली आहे, असे 40 प्रश्न. हुशार मूल ते डोकं लावून सोडवेलही. मात्र गणित-भाषेचे आणखी 40 धरून सगळा पेपर दोन तासांत उरकायचा, तर हात बसलेलाच हवा. शाळेच्या वेळापत्रकात हा विषय नसतो. तो क्लासमध्ये मिळतो, आणि एमआयडीसीत कंत्राटावर राबणाऱ्या बापाला त्याची फी झेपत नाही.

किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना, हे रास्तच. नवोदय निघाली ती मुख्यतः त्यांच्यासाठी. पण तिसरी ते पाचवीत एक दिवस जरी शहरातल्या शाळेत काढला, तरी मूल शहरी ठरतं. पेठ-सुरगाण्याहून पोटामागे आलेल्या कुटुंबाचं, पत्र्याच्या खोलीत राहणारं मूल मग गंगापूर रोडच्या बंगल्यातल्या मुलाशी उरलेल्या जागांसाठी झुंजतं. याला समान संधी म्हणायचं?

परीक्षाच मोडीत काढा, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. राहण्या-जेवणासह मोफत शिक्षणाच्या या जागा चिठ्ठ्या टाकून वाटल्या, तर कष्टाळू मुलाच्या हाती आहे तेवढंही राहणार नाही. त्यापेक्षा तयारी फुकट मिळू द्या. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत गुरुजी सुट्टीच्या दिवशीही नवोदयचे तास घेतात, एक पैसा न घेता. मग महापालिकेला काय अडचण आहे? सातपूर विभागातल्या आपल्या शाळांत चौथीपासून आठवड्याला दोन तास, सरावाच्या पुस्तिका आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारा एक माणूस, एवढंच मागणं आहे. शिक्षण विभागाने येत्या जूनपासूनच हे तास सुरू करावेत, ही विनंती.

– एक पालक, सातपूर, नाशिक