पायातील काटा व खातेदाराचे कर्तव्य

भातावर करपा दिसताच आमचे शेतकरी बंधू जागे होतात. कारण बुरशीने पीक बुडते हे त्यांस पक्के ठाऊक आहे. परंतु मातीत राहणारी एक बुरशी माणसाच्या पायातही रुजते, ही गोष्ट पुष्कळांच्या कानी नाही. तिजविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१८४२ साली मदुरा येथील दवाखान्यात गिल नावाच्या डॉक्टरांस हा रोग आढळला. म्हणून त्यास 'मदुरा पाय' असे नाव पडले. तो बुरशीमुळे होतो हे दाखविण्याचे श्रेय मात्र मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील अध्यापक डॉ. हेन्री कार्टर यांचे. 'मायसेटोमा' हे त्याचे शास्त्रीय नाव त्यांनीच दिले. पुढे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. १८७४ साली त्यांनी या रोगावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

ही बुरशी मातीत आपल्या बळावर जगते. तिला माणसाची गरज नाही. काटा पायात मोडला म्हणजे त्याबरोबर ती कातडीखाली जाते. तेथे आपले तंतू घट्ट गुंफून ती काळे, कठीण दाणे बनविते आणि त्यांच्या आड औषधासही सहज दाद देत नाही. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, गाठ येते. मग तिला छिद्रे पडून पुवाबरोबर दाणे बाहेर येतात. शेवटी हाड पोखरले जाते. हा रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाही. परंतु पहिली कित्येक वर्षे पाय दुखतच नाही, आणि सारा घात येथेच आहे. जे दुखत नाही त्यासाठी दिवसाची मजुरी कोण बुडवील?

कोणी म्हणेल, हा रोग कोरड्या, काटेरी मुलखातला. कर्जत-खालापुरासारख्या पावसाळी तालुक्यांत त्याची चिंता कशाला? रोग विरळा आहे हे खरे. पण आमचे कातकरी बंधू दिवाळीनंतर घाटावर व कर्नाटकापर्यंत कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि बाभळीच्या काट्यांत महिनोन्‌महिने राबतात. घरी परतल्यावर तेच आमच्या शेतावर येतात. शिवाय विरळा रोग ओळखू येण्यास उशीर लागतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली त्यास उपेक्षित रोगांच्या यादीत घातले.

आमचे स्पष्ट मत असे की, यात पहिले कर्तव्य खातेदाराचे आहे. लावणीच्या चिखलात पायताण चालत नाही हे आम्ही जाणतो. परंतु राबासाठी टहाळ तोडणे, पातेरा गोळा करणे, वई घालणे ही कामे कोरड्या दिवसांतली. त्या वेळी गड्यास बंद जोडा खातेदाराने द्यावा. काटा मोडल्यास त्याच दिवशी काढून पाय साबणाने धुवावा. पायावर न दुखणारी गाठ दिसल्यास गड्यास मजुरी न कापता सरकारी दवाखान्यात न्यावे, आणि काट्याची हकीकत डॉक्टरांस अवश्य सांगावी. दाणे लाल वा पिवळे असल्यास कारण बहुधा बुरशी नसून जंतू असतात व औषध निराळे असते. तेव्हा तपासणीवाचून मलम लावीत बसू नये. बुरशीचे औषध वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ घ्यावे लागते, आणि पुष्कळदा शस्त्रक्रियाही करावी लागते. गाठ लहान असता पाय वाचण्याची आशा मोठी असते.

आम्ही महसूल खात्यात कारकुनी केली. पोटखराब्याच्या गुंठ्यापर्यंत सारे नोंदले. पण जमीन ज्यांच्या पायांवर पिकते त्या पायांसाठी कोणत्याही नमुन्यात रकाना नव्हता. तो सरकारने काढण्याची वाट न पाहता प्रत्येक खातेदाराने आपल्या खर्चाच्या वहीत काढावा. एका जोड्याची किंमत बियाण्याच्या पिशवीहून फार नाही. आणि गेलेला पाय कोणत्याही हंगामात पुन्हा उगवत नाही.