म्हाताऱ्यांचा कट्टा उठवू नका



यंदा २६ जानेवारी सोमवारी आला आणि शनिवार-रविवारला जोडून तीन दिवसांची सुट्टी मिळाली. सोमवारी सकाळी उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधल्या आमच्या वस्तीत झेंडावंदन झालं, संविधानाच्या प्रास्ताविकेचं सामुदायिक वाचन झालं, मुलांना जिलेबी वाटली. त्यानंतर विहारात तरुण कार्यकर्त्यांची बैठक बसली. विषय एकच होता. विहाराच्या बाहेर भिंतीला लागून जो सिमेंटचा ओटा आहे तो तोडायचा, पत्र्याची शेड पुढे ओढायची आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसाठी अभ्यासिका करायची.

अभ्यासिका हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, टीव्ही आणि शिलाई मशीन यांच्यामध्ये बसून मीही एम.ए. केलंय. पण बैठकीत एका साथीने जो मुद्दा मांडला तो मला खटकला. तो म्हणाला, "तसंही त्या ओट्यावर चार म्हातारे बसून नुसता टाइमपास करतात. त्यांच्या गप्पांचा चळवळीला काय उपयोग?" सगळे हसले. मीही थोडी हसले असेन. निर्णय पुढच्या रविवारच्या बैठकीवर ढकलला आहे. त्याआधी माझं म्हणणं मांडते.

सुट्टीच्या दिवशी मी विहाराच्या पायरीवर बसून लोकांना निराधार योजनेचे, रेशन कार्डाचे फॉर्म भरून देते. ओटा तिथून चार हातांवर आहे. त्यामुळे त्या तीन दिवसांतला 'टाइमपास' मी माझ्या कानांनी ऐकला आहे.

ओट्यावर नेहमीचे चौघे असतात. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमधून निवृत्त झालेले अप्पा, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतले बापू, रेल्वेतले मामा आणि फर्निचरचं दुकान आता मुलाच्या हाती सोपवलेले एक सिंधी काका, ज्यांना सगळे दादा म्हणतात. चौघेही सत्तरीच्या आसपास.

शनिवारी सुरुवात मामांपासून झाली. "तुझ्या रेल्वेचा उद्या ब्लॉक आहे का रे?" बापूंनी विचारलं. "मी रिटायर झाल्यापासून रेल्वे मला विचारत नाही," मामा म्हणाले. मग बापूंनी, शिकायला अमेरिकेत गेलेल्या नातवाचा फोटो फिरवला. दादा म्हणाले, "तुझा नातू यूएसएला आत्ता गेला. मी तर पैदाच यूएसएत झालो." उल्हासनगर सिंधी असोसिएशन म्हणजे यूएसए, हा आमच्या शहराचा सर्वांत जुना विनोद. तरीही चौघे पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसले. मग पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचा विषय निघाला. बँकेत अंगठा उमटत नाही म्हणून मामांना दोनदा परत पाठवलं होतं. अप्पा म्हणाले, "आपण रोज इथे येतो, हाच आपला हयातीचा दाखला. ज्या दिवशी आला नाहीस, त्या दिवशी आम्ही समजून घेऊ."

रविवारी दादांनी घरून दाल-पकवान आणलं. अप्पांना कवळी. त्यांनी पकवान डाळीत बुडवून मऊ केलं. भिजवलेल्या पकवानाला पकवान म्हणायचं की नाही, यावर चौघांनी वीस मिनिटं वाद घातला. दादांचं म्हणणं, हा सिंधी माणसाचा अपमान आहे. अप्पांचं म्हणणं, दात जाणं ही अवस्था सर्व समाजांना समान आहे.

मग बापू सहज म्हणाले, "आपल्याला काय, आता रोजच रविवार."

अप्पा म्हणाले, "माझ्या बापाला रविवार नावाचा वार असतो हेच ठाऊक नव्हतं."

यावरही सगळे हसले. मग अप्पा बोलत राहिले. त्यांचं गाव नगर जिल्ह्यातलं. बाप महारकी करायचा. रात्री-अपरात्री पाटलाच्या माणसाची हाक आली की ताटावरून उठायचं. सरकारी कागद घेऊन पुढच्या गावाला पळायचं, गावात साहेब आला तर त्याच्या मागेपुढे राबायचं. बाप आजारी असला तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी जायचं. गावच्या पारावर किंवा चावडीवर बसून हसणं सोडाच, तिथून जातानाही मान खाली घालायची. कायदा झाला तरी हाक यायची थांबायला आणखी काही वर्षं गेली, असं अप्पा सांगतात. १९७२ च्या दुष्काळात ते इकडे आले. एवढं बोलून ते पुन्हा डाळीकडे वळले.

मित्रांनो, 'उपयोग काय' या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं.

महार वतन म्हणजे काय, हे आपण शिबिरात शिकतो. १८७४ च्या वतन कायद्यात बदल करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. त्यांची एक मोठी तक्रार हीच होती की, महाराच्या कामाला ना तासांची मर्यादा, ना कामांची यादी. चोवीस तास तो आणि त्याचं अख्खं कुटुंब सरकारच्या आणि गावाच्या हुकुमाला बांधलेलं. मोबदला नावापुरता. ही वतनं शेवटी १९५८ च्या कायद्याने गेली. आपण याकडे जमीन, मोबदला आणि अपमान या बाजूंनी पाहतो. वेळेच्या बाजूने फार कमी पाहतो. ज्याचा वेळ त्याचा स्वतःचा नाही, त्याला मित्रांसोबत निवांत बसून गप्पा मारता येत नाहीत. कधी हाक येईल याचा नेम नसलेल्या माणसाचं अर्धं लक्ष कायम रस्त्याकडे असतं.

आणि सुट्टी? तीही कुणी आपणहून दिलेली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, वर्षानुवर्षं अर्ज केले, सभा घेतल्या, तेव्हा १० जून १८९० ला कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्यांच्याच कारकिर्दीत कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्त्या झाल्या. १९४५ मध्ये कामगारांना भरपगारी रजेचा हक्क मिळाला आणि १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. अप्पांनी रेयॉनमध्ये, बापूंनी ऑर्डनन्समध्ये ज्या पाळ्या केल्या, ज्या रजा घेतल्या, त्यांच्या मागे हा इतिहास आहे. बापाला रविवार माहीत नव्हता आणि मुलगा रविवारी पकवानावर वाद घालतो, हे अंतर एका पिढीत कापलं गेलं आहे. ज्याला आपण टाइमपास म्हणतो, ती आपल्या लढ्याची कमाई आहे.

आता दुसरा आक्षेप. बैठकीनंतर व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका अभ्यासू साथीने लिहिलं की, अष्टांगिक मार्गातली सम्यक वाचा निरर्थक बडबडीला मनाई करते. हे खरं आहे. पाली परंपरेत त्याला संफप्पलाप म्हणतात आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनीही सम्यक वाचेत हा मुद्दा घेतला आहे. पण त्याच ठिकाणी त्याआधी काय सांगितलं आहे तेही पाहा. खोटं बोलू नये, दुसऱ्याची निंदा करू नये, शिवीगाळ करू नये, सर्वांशी आपुलकीने आणि सौजन्याने बोलावं. या कसोट्यांवर ओट्यावरच्या गप्पा आणि आपल्या बैठका, दोन्ही घासून पाहू या. एकमेकांची निंदा कुठे जास्त होते, हे मी लिहायची गरज नाही. गटबाजीत कोण कुणाचं, या चर्चेत आपण किती रात्री घालवल्या, याचा हिशेब आपल्या प्रत्येकाकडे आहे.

आणि 'निरर्थक' म्हणजे काय, हे कोण ठरवणार? १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये बाबासाहेबांनी लोकशाहीकडे केवळ राज्य चालवण्याची पद्धत म्हणून पाहिलं नाही. एकत्र जगणं, एकमेकांचा अनुभव वाटून घेणं आणि सोबतच्या माणसाबद्दल आदर बाळगणं, हा त्यांच्या दृष्टीने लोकशाहीचा गाभा होता. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही एकमेकांपासून तोडता येणार नाहीत, असं बजावलं. स्वातंत्र्यासाठी आपण कोर्टात जातो, समतेसाठी मोर्चा काढतो. बंधुतेसाठी कुठे जायचं? ती मोर्च्यात मागून मिळत नाही. रोज तीच चार माणसं त्याच जागी भेटत राहिली, तर हळूहळू तयार होते. सोमवारी आपण प्रास्ताविकेतला 'बंधुता' हा शब्द मोठ्याने वाचला आणि पुढच्या अर्ध्या तासात ओटा तोडायचा ठराव मांडला, हे मला विसंगत वाटतं.

आपल्या चळवळीलाही गप्पांचं वावडं कधी नव्हतं. दलित पँथरची कल्पना १९७२ मध्ये नामदेव ढसाळ आणि ज. वि. पवार यांच्यात मुंबईच्या रस्त्याने चालता चालता झालेल्या बोलण्यातून आली, असं पवारांनीच लिहून ठेवलं आहे. पण मला एवढ्यावर थांबायचं नाही. गप्पांमधून पुढे संघटना निघाली तरच त्या मोलाच्या, असं म्हटलं की आपण पुन्हा म्हाताऱ्यांकडून कामच मागतो. अप्पांच्या ओट्यावरून पँथर निघाली नाही तरी चालेल. ज्यांनी चाळीस वर्षं पाळ्या केल्या, जयंतीच्या वर्गण्या काढल्या, या विहाराच्या विटा वाहिल्या, त्यांना काही न करता बसायचा हक्क आहे.

ओट्याचं कौतुक करताना त्याच्या मर्यादा मात्र लपवणार नाही. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज झिमेल यांनी १९१० मध्ये निव्वळ गप्पागोष्टींवर एक प्रसिद्ध व्याख्यान दिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की, अशा बैठकीत माणसं आपली संपत्ती आणि हुद्दा बाजूला ठेवून समान असल्यासारखी वागतात. मात्र थर फार वेगळे असतील तर हे जमणं अवघड जातं. आपल्याकडे हा थर जातीचा आहे. ओट्यावर सिंध्यांच्या कंजूषपणाचे विनोद होतात, मराठी माणसाच्या आळसाचे होतात. जातीचा विनोद कधीच होत नाही. हा सभ्यपणा आहे की जखमेवर हात ठेवायची भीती, हे मला अजून कळलेलं नाही. काही वर्षांपूर्वी अप्पांच्या मुलाला भाड्याने खोली हवी होती. दादा ज्या इमारतीत राहतात तिथे रिकामी होती. आडनाव कळल्यावर घरमालकाने ती दिली नाही. घरमालक दुसराच कुणी होता. पण दादा त्यावर एक शब्द बोलले नाहीत, आणि अप्पांनीही त्यांना विचारलं नाही. पकवान ओट्यापर्यंत येतं, पण खोलीचं दार उघडत नाही. सहभोजनाने जात जात नाही, हे बाबासाहेबांनी ९० वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं आहे. म्हणून ओटा ही समतेची सुरुवात आहे, एवढंच मी म्हणते. पण दादांना हा प्रश्न कधीतरी विचारला जाईल तर तो त्याच ओट्यावर, पन्नास वर्षांच्या मैत्रीतून. ओटा तोडला तर तेवढीही शक्यता उरणार नाही.

दुसरी मर्यादा आपल्या घरातली आहे. ओट्यावर चार पुरुष आहेत. त्यांच्या वयाच्या बायका कुठे आहेत? माझी आई आणि शेजारच्या मावश्याही गप्पा मारतात, पण हातात काम असल्याशिवाय नाही. जीन्सचे धागे कापता कापता, मेथी निवडता निवडता, रविवारच्या वंदनेनंतर चप्पल घालता घालता. जोडसुट्टीचे तीन दिवस म्हणजे त्यांच्यासाठी तीन दिवस जास्तीचा स्वयंपाक, कारण सगळे घरी. त्या रिकाम्या हातांनी बाहेर बसल्या की "काय, काम नाही वाटतं?" असं विचारणारेही आपलेच. महारकीत पुरुषांना जी हाक यायची, ती आपल्या घरांत बायकांना अजून येते. अप्पांचा रविवार सुटला, काकूंचा सुटलेला नाही.

म्हणून पुढच्या रविवारच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. एक, अभ्यासिका विहाराच्या वर करावी. लोखंडी सांगाडा आणि पत्रा यांचा खर्च जास्त येईल, पण त्यासाठी वर्गणी काढू. १४ एप्रिलच्या डीजेचे पैसे वाचवले तरी बराचसा भाग निघेल. दोन, ओटा तसाच ठेवून त्यावर सावली करावी आणि समोर दुसरा ओटा बांधावा. तीन, दर रविवारी चार ते सहा हे दोन तास दोन्ही ओटे वस्तीतल्या आई-मावश्यांसाठी असतील. त्या वेळेत नातवंडं आणि चहा पुरुषांनी सांभाळायचा. चौघांना मी हे सांगितलं. बापू म्हणाले, "चहा मला येतो." मामा गप्प बसले. अप्पा म्हणाले, "दोन तास कुठे जायचं गं आम्ही?" मी म्हटलं, "अप्पा, घरी."

साथींनो, बैठकीला येण्याआधी एकदा त्या ओट्यावर अर्धा तास बसा. मोबाईल खिशात ठेवा आणि नुसतं ऐका. मग मत द्या.

जय भीम, जय संविधान.